कालबाह्य, काढू का?

मी शाळा सोडली तेव्हा वर्गाचं दार इतक्या जोरात आपटलं की कडी निखळून खाली पडली. मनात म्हटलं, काय झकास निघालो आपण! व्हरांडा ओलांडल्यावर लक्षात आलं, दप्तर आतच राहिलंय. मग परत वर्गात जाऊन, सगळ्यांसमोर, ते खांद्याला अडकवून पुन्हा निघावं लागलं. दुसऱ्यांदा दार आपटायला गेले तर कडीच नव्हती. ते नुसतं झुलत राहिलं. माझं सगळं असंच असतं.

तेव्हापासून मी मावशीकडे आहे. मावशीचा पाट्या कोरायचा धंदा आहे. रस्त्याकडच्या खोलीत काउंटर आणि नमुन्याच्या पाट्या, मागच्या खोलीत मशीन. मशीन म्हणजे एक मोठं टेबल, त्यावर सरकणारा हात, हाताला फिरणारं टोक. बाजूला कॉम्प्युटर. मी मजकूर टाइप करायचा, एंटर मारायचं, की हात दगडावर अक्षरं कोरत जातो आणि शेवटी भोवती चौकट कोरतो. खोलीभर भुकटी उडते. मावशीच्या चष्म्यावर इतकी भुकटी असते की तिला मी अजून गोरी वाटते.

मशीन चालवायचा प्रोग्रॅम माझ्या दादाने, म्हणजे मावशीच्या मुलाने, स्वतः लिहिलाय. नाव ठेवलंय छिन्नी. दादा आता दुसऱ्या गावी नोकरीला असतो आणि फोनवरून शहाणपणा शिकवतो.

भानगड अशी होती की अधूनमधून छिन्नी मरायची. अक्षरं सगळी सुरेख कोरून व्हायची आणि नेमकं चौकट सुरू व्हायच्या आधी प्रोग्रॅम बंद. दगड एकदा शिकंज्यातून सुटला की परत केसभरही इकडेतिकडे न होता बसत नाही, त्यामुळे चौकट तिरकी. तिरक्या चौकटीची पाटी कोण घेणार? मावशीच्या मागच्या दारी अशा पाट्यांची फरशी घातलीय. कपडे वाळत घालायला गेलं की आपण कुठल्यातरी वकिलाच्या नावावर उभे असतो.

दादा जायच्या आधी दोन दिवस हेच शोधत बसला होता. पण तो कॉम्प्युटरवर बसला की छिन्नी एकदम शहाण्या मुलीसारखी वागायची. तो उठला, मी बसले, की मेली. मी त्याला म्हटलं, "तुझा प्रोग्रॅम तुला घाबरतो." तो म्हणाला, "तू तरी कधी घाबरणार?"

आता मावशीने मध्येच काय केलं, तर माझ्या आईशी फोनवर करार केला. मला न विचारता. मी समोर उभी असताना.

"हे बघ फटाकडे," फोन ठेवून ती म्हणाली, "शाळेची नवीन वाचनालयाची पाटी आलीय. तुझ्याच शाळेची. मुख्याध्यापिका बाई स्वतः शुक्रवारी न्यायला येणार. काळा दगड, तेवढ्या मापाचा एकच आहे. तुझ्या हातून मशीन बंद पडलं, तर नवे वर्ग सुरू होतील त्या दिवशी तू शाळेत. नाही पडलं, तर मी किंवा तुझी आई, कुणी पुन्हा शाळेचा विषय काढणार नाही."

"आणि ते आपोआप बंद पडलं तर?"

"आपोआप काही बंद पडत नसतं."

मी दादाला फोन लावला. म्हटलं, तुझ्या त्या छिन्नीपायी माझं आयुष्य बरबाद होणार आहे. तो हसला आणि म्हणाला की कॉम्प्युटरवरचं लिनक्स, म्हणजे ज्याच्या जिवावर सगळे प्रोग्रॅम चालतात ते, फार जुनं झालंय, त्याच्या लायब्रऱ्यांमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम उसने घेतात त्या तयार तुकड्यांमध्येच गडबड असेल, नवीन आवृत्तीवर ने म्हणजे कदाचित सुटेल.

"पण ऐक," तो म्हणाला. "मी मागे डीबग पॅकेजेस टाकून ठेवलीत. ती आधी काढ. नाहीतर अपग्रेड अडेल."

"ती काय असतात?"

"आई प्रत्येक पाटीचा कागदी खाका ठेवते ना? प्रोग्रॅम कोसळला की तो नुसते आकडे ओकतो. डीबग पॅकेज म्हणजे त्याचा खाका. कुठल्या फाईलच्या कुठल्या ओळीवर पडला ते सांगतं. पण खाका त्याच पाटीचा लागतो. लायब्ररी जराशी बदलली की जुना खाका बाद. म्हणून तो अडून बसतो, मला माझी जुनीच लायब्ररी पाहिजे म्हणून. आणि पॅकेजेस जिथून उतरतात त्या नव्या आवृत्तीच्या भांडारात हे जुने खाके ठेवतच नाहीत, त्यांचं दुकान वेगळीकडे हलवलंय. कळलं?"

"हो रे."

"एकेक नाव बघून काढ. आणि कॉम्प्युटरने काही विचारलं तर हो म्हणायच्या आधी मला फोन कर."

"हो रे बाबा."

हो रे बाबा ह्याचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दादाला तर सगळ्यात जास्त.

गुरुवारी सकाळी मावशी दगडवाल्याकडे गेली आणि मी अपग्रेड सुरू केला. डीबग पॅकेजेस काढायची, हे मी साफ विसरले. थोडं पुढे जाऊन गाडी अडली. पडद्यावर आलं की अमुक पॅकेजला तमुक लायब्ररी हवी, तीसुद्धा अगदी तीच, जुनी. आणि नवी लायब्ररी बसवायची तर त्या अमुकचं काय करायचं ते त्याला कळत नाही. मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी कॉम्प्युटरला एक शिवी दिली आणि पुन्हा सुरू केलं, जणू शिवी ऐकून तो विचार बदलणार होता.

मग आठवलं. मी एकेक डीबग पॅकेज शोधलं, नाव वाचलं, काढलं. खरंच सांगते, अगदी नीट, देवपूजेसारखं केलं. मेले, वर्षभर नुसते बसून होते, कुणाच्या कामाचे नाहीत, वर दुसऱ्याची वाट अडवतात. प्रत्येकाला निरोप देताना मला जो आनंद झाला तो मी इथे लिहीत नाही, लोक काहीतरी समजतील.

अपग्रेड सुटला. धावत सुटला. मी चहा करून आणला, खुर्चीवर पाय वर घेऊन बसले आणि स्वतःला इंजिनिअर समजू लागले. शाळेत ह्या गोष्टी शिकवतात का? नाही. बघा मग. मनातल्या मनात मी मुख्याध्यापिका बाईंना एक छोटंसं भाषणही दिलं.

सगळं संपत आल्यावर पडद्यावर शेवटचा प्रश्न आला. कालबाह्य पॅकेजेस सापडली आहेत, काढू का? हो म्हणायचं तर वाय, नाही तर एन, आणि तपशील हवा तर डी.

तपशील? मला तपशील नको होता. कालबाह्य म्हणजे काय ते मला आता पाठ होतं. सकाळपासून माझं डोकं फिरवणारी हीच ती जात. उरलीसुरली पिलावळ असणार. मी म्हटलं, काढ, सगळी काढ, मुळासकट काढ. वाय. आणि एंटर असं हाणलं की कपातला चहा हलला.

कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला. नवा पडदा, नवी निळी झाक, कोपरे गोल. मस्त. मी छिन्नी उघडायला गेले.

छिन्नी नव्हती.

मेनूत नव्हती. शोधून सापडेना. मी कॉम्प्युटरच्या मागे जाऊन वायर हलवून बघितली. प्रोग्रॅम वायरमधून गळून पडतात अशी माझी समजूत नाही, पण अशा वेळी माणूस काहीही हलवतो.

तेवढ्यात मावशी आली. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने माझ्याकडे बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही तर वायर का धरलीयेस?"

"साफ करतेय."

"ज्या दिवशी तू सांगितल्याशिवाय काही साफ करशील त्या दिवशी मीच पेढे..." ती थांबली. "मशीन चालू कर बघू."

"ते जरा आराम करतंय."

मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. एवढं तिने केलं की समजायचं, आता आपण तिला स्पष्ट दिसतोय. "मी मागे पाणी तापवते," ती म्हणाली. "मला परत आल्यावर खरं काय ते ऐकायचंय. आणि उद्या दुपारी बाई येणारेत."

मी दादाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एक प्रश्न विचारला.

"डी दाबलंस?"

"नाही."

"तपशील नाही बघितला."

"ती डीबगचीच घाण असणार असं वाटलं!"

"अगं येडे, छिन्नी मी घरी बांधलेली आहे. ती जगातल्या कुठल्याच भांडारात नाही. कॉम्प्युटरला वाटणारच ना की हिला विचारणारं आता कुणी उरलं नाही. कालबाह्य म्हणजे एवढंच, की कुठल्या यादीत नाव नाही. बिनकामाचं असं कुणी म्हटलं?"

"माझंही नाव हजेरीतून काढलंय! म्हणून काय मीपण..."

"तेच तर म्हणतोय मी, बाई माझे."

मी हातातली वायर सोडून दिली. मग तो जरा नरमला. म्हणाला, जुनी तयार छिन्नी त्याच्याकडे आहे, पण ती जुन्या लायब्ररीवर बांधलेली आणि ती लायब्ररीही मी त्याच एंटरला उडवली. आता छिन्नी नव्या लायब्ररीवर नव्याने बांधायची. तिचा मूळ मजकूर, म्हणजे दादाने लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या ओळी, त्याच कॉम्प्युटरवर आहे, त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये, आत आणखी एक फोल्डर.

"काय नाव त्याचं?"

"भंगार."

"तू तुझ्या सगळ्यात महत्त्वाच्या फोल्डरला भंगार नाव ठेवलंस? मी गेल्या महिन्यात जागा करायला ते उडवणार होते!"

"मग का नाही उडवलंस?"

"जेवायला हाक आली."



मग त्याने मला बांधायचं कसं ते सांगितलं आणि तो कामाला गेला. मी बसले. बांधताना कॉम्प्युटर दर थोड्या वेळाने म्हणायचा, हे नाही, ते नाही. मी ते ते आणून द्यायचे. ह्या वेळी मी प्रत्येक ओळ वाचत होते. ओठ हलवत, पहिलीतल्या पोरीसारखी. मावशी दारात उभी राहून बघून गेली. सगळं खरं ऐकल्यावर ती फक्त एवढंच म्हणाली होती, "म्हणजे पोराने माझ्यासाठी केलेली वस्तू तू न बघता फेकलीस." ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ओरडण्याला मी पुरून उरते.

संध्याकाळी छिन्नी उभी राहिली. मशीनची जुनी सेटिंग्ज शाबूत होती, कारण मी तोंडाने मुळासकट म्हटलं तरी वाय म्हणजे नुसतं काढ, नामोनिशाण मिटव नव्हे. तेवढंच काय ते मी चुकून बरोबर केलं होतं. लाकडाचा एक वाया गेलेला तुकडा लावला, वाचनालयाचा सगळा मजकूर टाइप केला, एंटर हाणलं. हात सरकू लागला. अक्षरं उमटत गेली. वा! शेवटची ओळ झाली, हात वर उचलला गेला, आता चौकट...

छिन्नी मेली.

तीच जागा. तोच रोग. नवं लिनक्स, नव्या लायब्रऱ्या, नवे गोल कोपरे, आणि पडद्यावर तेच जुने आकडे. मी स्टूलला लाथ मारली. स्टूल दगडाचं आहे. हे मला माहीत होतं, मीच ते तिरक्या पाट्यांचं रचलं होतं.

एक पाय हातात धरून मी उभी होते आणि मला कळलं की आता मला नेमकं काय हवंय. खाका हवाय. सकाळी ज्यांना मी नाव घेऊन घेऊन हाकललं होतं, तेच. म्हणजे तेच नाहीत, ते जुने आता खरंच बाद झाले होते. त्यांचे नवे भाऊबंद. दादा म्हणाला होता की त्यांचं दुकान वेगळीकडे हलवलंय. शुक्रवारी सकाळी उठून मी ते दुकान शोधलं, कॉम्प्युटरला त्याचा पत्ता दिला आणि नव्या लायब्रऱ्यांची डीबग पॅकेजेस मागवली. प्रत्येकाचा आवृत्तीचा आकडा लायब्ररीच्या आकड्याशी ताडून बघितला. छिन्नीसुद्धा खाक्यासकट पुन्हा बांधली. पॅकेजेस उतरत असताना मी मनात म्हणत होते, या, बसा, काल जरा गैरसमज झाला.

पुन्हा लाकूड, पुन्हा मजकूर, पुन्हा एंटर. छिन्नी पुन्हा तिथेच मेली. पण ह्या वेळी आकड्यांच्या जागी नावं आली. लायब्ररीत काहीच गडबड नव्हती. पडली ती दादाच्याच फाईलमध्ये, चौकटीच्या ओळीवर. मी ती ओळ उघडून वाचली. फार कठीण नव्हतं: चौकट किती मोठी हवी ते कळायला प्रोग्रॅम मजकुराच्या शेवटच्या ओळीतलं शेवटचं अक्षर शोधतो. आणि शेवटच्या ओळीत अक्षरच नसेल, ओळ रिकामी असेल, तर नसलेलं अक्षर शोधता शोधता तोंडावर आपटतो.

"हात्तिच्या!" मी ओरडले. "मावशी, सापडलं! दादाचीच चूक आहे! कुणीतरी गाढव शेवटी रिकामी ओळ टाकतंय आणि ह्याचा प्रोग्रॅम..."

मावशी माझ्या मागेच उभी होती. हातात फडकं होतं. तिने पडद्याकडे बघितलं नाही, कीबोर्डकडे बघितलं.

"पुन्हा टाइप कर बघू," ती म्हणाली. "जशी नेहमी करतेस तशी."

मी टाइप केलं. शेवटी एंटर हाणलं. नेहमी हाणते तसं: एकदा काम झालं म्हणून, आणि लगेच दुसऱ्यांदा, झालं म्हणजे झालं म्हणून.

दोघीही पडद्याकडे बघत राहिलो. मजकुराखाली एक रिकामी ओळ, दुसऱ्या एंटरची. तिच्यात कर्सर लुकलुकत होता, जसं काही माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता.

"दादा हळू दाबतो," मावशी म्हणाली. "मी तर बोटाने शोधून दाबते. तू एंटरला मारतेस. आणि कधीकधी एकदाच मारतेस."

"कधी?"

"मूड बरा असला की."

म्हणजे मागच्या दारची ती सगळी फरशी माझ्या मूडची होती. वकील, डॉक्टर, ती दोन जुळ्या बहिणींची बेकरी, सगळे माझ्या पायाखाली माझ्याच हाताने गेलेले. मी वर्षभर मशीनला, दादाला, लिनक्सला, डीबगवाल्यांना शिव्या घातल्या. फक्त एकाच माणसाचं नाव राहिलं होतं आणि ते कॉम्प्युटरने फाईलसकट, ओळीसकट दाखवलं.

"मग करार संपला," मी म्हटलं. आवाज जरा बारीक निघाला, त्याचा राग आला. "मशीन माझ्याच हातून बंद पडत होतं. जाते शाळेत. दप्तर कुठेय?"

"दप्तर राहू दे. आधी दगड लाव. बाई येतील."

मी दादाच्या ओळीच्या वर एक ओळ घातली: शेवटची ओळ रिकामी असली तर तिच्या आधीची बघ. छिन्नी परत बांधली. लाकडावर, मुद्दाम दोनदा एंटर हाणून, चौकट कोरून घेतली. मग काळा दगड शिकंज्यात बसवला. मजकूर टाइप केला आणि एंटर एकदाच, झोपलेल्या बाळाच्या गालाला लावावं तसं दाबलं. भरवसा स्वतःच्या ओळीवर होता, स्वतःवर नव्हता.

शेवटची अक्षरं चालू असताना मुख्याध्यापिका बाई आल्या. काउंटर ओलांडून थेट मागच्या खोलीत, नाकाला रुमाल लावून. मला बघून थांबल्या.

"तू दार आपटून गेलेली का ग?"

"हो बाई."

"ती कडी अजून नीट बसत नाही. वारा आला की वर्गभर कडकड."

मी तोंड उघडलं. कालचं सगळं भाषण तयार होतं. तेवढ्यात हात दगडावरून वर उचलला गेला, शेवटची ओळ संपली होती. मी भाषण तसंच गिळलं. मावशीचं फडकं हातातच थांबलं. हात हवेत, टोक नुसतं फिरतंय, भुकटी खाली बसतेय. मी कीबोर्डपासून दोन्ही हात लांब धरून उभी, पकडलेल्या चोरासारखी.

हात बाजूला सरकला, खाली आला आणि चौकटीची पहिली रेघ कोरू लागला. सरळ.

बाईंना काय झालं ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, "छान येतंय हो." मावशीने फडक्यात नाक शिंकरलं. भुकटीचं फडकं होतं ते, त्यामुळे मग ती बराच वेळ शिंकत राहिली.

पाटी गाडीत चढवून झाल्यावर मावशीने आईला फोन लावला. मी समोर उभी होते, ह्या वेळीही मला विचारलं नाही. "हो, झाली पाटी," ती म्हणाली. "नाही, बंद नाही पडलं. अगं, आधी हिनेच पाडलं होतं, मग हिनेच उभं केलं... नाही नाही, पाठवू नकोस. माझ्याकडेच राहू दे. शाळेत अजून पुष्कळ दारं आहेत, कुणाला परवडणार?"

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "राहा. पण एक अट. ह्या कॉम्प्युटरमधून काहीही काढायचं असलं, तर आधी मला मोठ्याने वाचून दाखवायचं."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"मला नाही कळलं तरी तुला वाचावं तर लागेल."

 

आता महिन्यातून एकदा हा कार्यक्रम असतो. मावशी भुकटी झटकून स्टूलवर बसते, मी कालबाह्य पॅकेजेसची नावं वाचते. डी दाबून. सगळा तपशील.

"हे कुणाचं?" ती विचारते.

"जुन्या लायब्ररीचा खाका. लायब्ररी गेली, हा राहिला."

"काढ. पुढचं?"

"छिन्नी."

"ठेव. पुढचं?"

"हे... माहीत नाही कुणाचं."

"माहीत नाही तर काढतेस कशाला? विचार दादाला."

मी दादाला फोन लावते. तो हसतो. मी चिडते. मग एन दाबते आणि एंटर मारते. एकदाच. बहुतेक.